गोलीय हरात्मक विस्तार : तरंग-प्रकीर्णनातील संख्यात्मक पद्धती

गोलावर किंवा गोलसदृश पदार्थावर तरंग आदळला असता तो निरनिराळ्या दिशांना किती प्रमाणात विखुरला जातो, हे काढण्यासाठी त्या तरंगाचे गोलीय हरात्मक फलनांच्या श्रेढीत पृथक्करण करतात. या पृथक्करणास गोलीय हरात्मक विस्तार म्हणतात. तंतूच्या कंपनाचे मूळ स्वर व त्याचे वरचे स्वर यांत जसे पृथक्करण होते, तसेच येथे गोलपृष्ठावरील वितरणाचे होते. फरक इतकाच की, तंतूवर एकच दिशा असते. गोलावर अक्षांश व रेखांश अशा दोन दिशा असतात. ध्वनी, प्रकाश, रेडिओ तरंग यांपैकी कोणताही तरंग असला, तरी गणिताचा सांगाडा बहुतांशी सारखाच राहतो. कागदावर ही श्रेढी निर्दोष आहे. तीतून प्रत्यक्ष आकडे काढू लागल्यावर मात्र सूत्र बरोबर असूनही उत्तर चूक येऊ शकते. हे कसे घडते व ते कसे टाळतात, हा प्रस्तुत नोंदीचा मुख्य विषय आहे.

प्रश्नाचे स्वरूप : जळगाव व धुळे जिल्ह्यांत, म्हणजे खानदेशात, हिवाळा सरताना व उन्हाळ्याच्या तोंडी गडगडाटी ढगांतून अधूनमधून गारा पडतात. रावेर व यावल तालुक्यांतील केळीच्या बागांची पाने गारांच्या एका माऱ्याने चिंध्या होऊन लोंबू लागतात. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये महाराष्ट्राच्या अनेक जिल्ह्यांत झालेल्या गारपिटीने रब्बी पिकांची मोठी हानी केली. ढगात पाणी आहे की गारा, हे दुरून ओळखण्याचे प्रमुख साधन म्हणजे रडार होय. रडारने पाठविलेल्या सूक्ष्मतरंगांपैकी अत्यल्प भाग थेंबांवरून वा गारांवरून मागे परततो व त्याच्या तीव्रतेवरून आतील कणांचे अनुमान करतात. [→ रडार]

पावसाच्या थेंबाच्या बाबतीत हे अनुमान सोपे असते. थेंबाचा व्यास तरंगलांबीच्या मानाने लहान असल्याने परतणारी ऊर्जा व्यासाच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात असते. व्यास दुप्पट झाला की ती चौसष्टपट होते. लॉर्ड रॅली यांनी आकाशाच्या निळ्या रंगाचे स्पष्टीकरण देताना १८७१ मध्ये मांडलेल्या सिद्धांतातून हा नियम निघतो. चार सेंमी. व्यासाच्या गारेला मात्र तो लागू पडत नाही. अशा गारेचा परीघ दहा सेंमी. तरंगलांबीच्या सव्वापट आणि तीन सेंमी. तरंगलांबीच्या चौपटीहून थोडा अधिक भरतो. गारेच्या निरनिराळ्या भागांतून परतणारे तरंग एकमेकांना कोठे पूरक तर कोठे मारक ठरतात आणि आकार वाढत असताना प्रतिध्वनी काही ठिकाणी चक्क घटतो. शिवाय कोरड्या बर्फाचा प्रणमनांक सूक्ष्मतरंगांसाठी सु. १·७८, तर पाण्याचा दहा सेंमी. तरंगलांबीला सु. ९ असतो. यामुळे वितळू लागलेली, पाण्याचा पातळ थर चढलेली गार कोरड्या गारेहून फार निराळी दिसते. अशा द्विस्तरीय गोलाचे गणित ए. एल. एडन व एम. कर्कर यांनी १९५१ मध्ये दिले. या सर्व ठिकाणी ढोबळ नियम सोडून पूर्ण श्रेढीकडेच वळावे लागते.

श्रेढीची रचना : गोलीय हरात्मक फलनांचा मूळ उगम ग्रहांच्या गुरुत्वाकर्षणाच्या अभ्यासात आहे. ए. एम. लझांद्र व पी. एस. लाप्लास यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ती उपयोगात आणली. प्रत्येक फलनास दोन अंक जोडलेले असतात. पहिल्याला येथे घात व दुसऱ्याला क्रम म्हटले आहे. घात वाढेल तसे गोलपृष्ठावरील धन-ऋण पट्टे अधिक बारीक होत जातात. अक्षांशावर अवलंबून असणारा भाग लझांद्र फलनांनी, तर रेखांशावरचा भाग साध्या ज्या-कोटिज्यांनी व्यक्त होतो. तरंगाच्या बाबतीत याखेरीज केंद्रापासूनच्या अंतरावर अवलंबून असणारा तिसरा गुणक येतो. तो गोलीय बेसेल फलनांचा असतो. गोलाच्या पृष्ठावर आतील व बाहेरील क्षेत्रे जुळली पाहिजेत, या अटीवरून श्रेढीचे सहगुणक मिळतात. विद्युत् चुंबकीय तरंगांसाठी हे काम डॅनिश भौतिकीविज्ञ एल. व्ही. लोरेन्झ यांनी १८९० मध्ये व स्वतंत्रपणे जर्मन भौतिकीविज्ञ गुस्टाफ मी यांनी १९०८ मध्ये केले. मी यांना सोन्याच्या कलिल विद्रावाचा लाल रंग समजून घ्यावयाचा होता. सोन्याचे कण इतके बारीक होते की, श्रेढीची पहिली काही पदे हाताने काढून त्यांचे काम भागले.

किती पदे घ्यावीत : हे गोलाचा परीघ व तरंगलांबी यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. या गुणोत्तरास आकारमान-प्रचल म्हणतात व येथे ते ‘क्ष’ या अक्षराने दर्शविले आहे. श्रेढीतील प्रत्येक पद म्हणजे केंद्रापासून ठराविक अंतरावरून जाणारा किरण, असे ढोबळमानाने मानता येते. घात जितका मोठा, तितका किरण केंद्रापासून दूर असतो. ज्यांचा घात क्ष पेक्षा बराच मोठा आहे, ते किरण गोलाला स्पर्शच करीत नाहीत व त्यांची पदे झपाट्याने शून्याकडे जातात. मात्र गोलाच्या कडेला घासून जाणाऱ्या तरंगांसाठी थोडी अधिक पदे लागतात. त्यांची संख्या क्ष च्या घनमूळाच्या सु. चौपट असते, असे अमेरिकन शास्त्रज्ञ डब्ल्यू. जे. विस्कॉम्ब यांनी १९८० मध्ये दाखविले. त्यांच्या नियमानुसार रडारच्या दहा सेंमी. तरंगलांबीला दोन मिमी. व्यासाच्या थेंबासाठी तीन, तर वर सांगितलेल्या गारेसाठी सात पदे पुरतात. तीन सेंमी. तरंगलांबीला त्याच गारेसाठी बारा पदे लागतात.

प्रकाशाच्या बाबतीत आकडे वेगाने वाढतात. एक मायक्रोमीटर त्रिज्येच्या धुळीच्या कणासाठी हिरव्या प्रकाशात बावीस-तेवीस पदे लागतात. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात शिवाजीनगर येथे २०१३ मध्ये १२५ मेगॅवॉट क्षमतेचा सौर वीज प्रकल्प उभा राहिला. अशा ठिकाणी उन्हाळ्यातील धूसर हवेतून किती प्रकाश सरळ व किती विखुरलेला येतो, हे काढण्यासाठी अशाच मध्यम लांबीच्या श्रेढ्या लागतात. इंद्रधनुष्यातील एक मिमी. त्रिज्येच्या थेंबासाठी ही संख्या सु. ११,५०० भरते. संपूर्ण पृथ्वी हा गोल व तीनशे मी. लांबीचा रेडिओ तरंग घेतला, तर क्ष एक लक्षाच्या वर जातो. संगणकापूर्वीच्या काळात इतकी पदे घेणे अशक्य असल्याने जी. एन. वॉटसन यांनी १९१८ मध्ये श्रेढीचेच रूपांतर अशा दुसऱ्या श्रेढीत केले की, जिची थोडीच पदे पुरावीत.

पुनरावर्ती सूत्रे आणि त्यांची दिशा : बेसेल फलनांची मूल्ये एकामागून एक काढण्यासाठी तीन लगतच्या फलनांना जोडणारे पुनरावर्ती सूत्र वापरतात. शून्य, एक, दोन … या घातांची फलने फ०, फ१, फ२ … अशी लिहिली, तर क्ष = १ असताना फ२ = ३ × फ१ − फ०, फ३ = ५ × फ२ − फ१, फ४ = ७ × फ३ − फ२ असा क्रम चालतो. पहिली दोन मूल्ये चार दशांश स्थळांपर्यंत फ० = ०·८४१५ व फ१ = ०·३०१२ अशी आहेत. या सूत्राने पुढे जाता फ२ = ०·०६२१, फ३ = ०·००९३, फ४ = ०·००३०, फ५ = ०·०१७७ व फ६ = ०·१९१७ मिळतात. खरी मूल्ये अनुक्रमे ०·०६२०, ०·००९०, ०·००१०, ०·०००१ (आसन्न) व त्याहूनही लहान अशी उतरत जातात. म्हणजे चौथे मूल्य तिप्पट, पाचवे सु. १९० पट चुकले आणि सहाव्याला काही अर्थच उरला नाही. गुणाकारात वा वजाबाकीत कोठेही चूक झालेली नाही. पहिल्या दोन मूल्यांत पाचव्या दशांश स्थळी जी काटछाट केली, तीच येथवर फुगत आली.

कारण असे की, हे सूत्र एकाच नव्हे, तर दोन प्रकारच्या फलनांना सारखेच लागू असते. एक प्रकार घाताबरोबर घटत जातो, दुसरा वाढत जातो. काटछाटीमुळे हव्या असलेल्या घटत्या उत्तरात वाढत्या उत्तराचा लेशमात्र अंश मिसळतो व पुढे तोच सर्व जागा व्यापतो. अधिक अंक घेतल्याने हे संकट पुढे ढकलले जाते, टळत नाही. पदे वाढविली म्हणजे अचूकता वाढते, हा सर्वसाधारण समज येथे फसवा ठरतो.

उपाय आश्चर्यकारकरीत्या सोपा आहे. तेच सूत्र उलट दिशेने चालवावयाचे. सहावे मूल्य ० व पाचवे १ आहे, असे बेधडक गृहीत धरले, तर खाली येताना ११, ९८, ६७५, ३२७७ व ९१५६ या संख्या मिळतात. फ० चे खरे मूल्य ०·८४१५ आहे, ते ९१५६ शी जुळावे म्हणून सर्व संख्यांना एकाच प्रमाणाने लहान केले की, फ१ = ०·३०१२, फ२ = ०·०६२०, फ३ = ०·००९०, फ४ = ०·००१० अशी सर्व मूल्ये चार स्थळांपर्यंत अचूक येतात. आरंभीचा आकडा मनाने घेतलेला असूनही काही बिघडत नाही, कारण उलट दिशेने जाताना नको असलेले उत्तर घटते व हवे असलेले वाढते. ही युक्ती जे. सी. पी. मिलर यांच्या नावाने ओळखली जाते. १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेली ब्रिटिश असोसिएशनची बेसेल फलनांची कोष्टके हिच्याच साहाय्याने तयार झाली. प्रकीर्णनात दोन्ही प्रकारची फलने लागतात. म्हणून घटती फलने वरून खाली व वाढती फलने खालून वर काढतात. १९६८ मध्ये जे. व्ही. दवे यांनी आय. बी. एम. कंपनीत तयार केलेल्या संगणक आज्ञावली या विषयात दीर्घकाळ वापरात होत्या. सी. एफ. बोरेन व डी. आर. हफमन यांच्या १९८३ च्या ग्रंथातील छोटी आज्ञावली तर अभ्यासकांच्या हाती सर्वत्र दिसते.

पाटण येथील परंपरा : पायरीपायरीने पुढे जाणाऱ्या सूत्रांचे एक जुने व सुंदर उदाहरण खानदेशाशी निगडित आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथील देवीच्या मंदिरात एक शिलालेख असून तो भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणला. यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी चांगदेव याने आपले आजोबा भास्कराचार्य यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापिला व त्यास निकुंभ वंशातील सोइदेव व त्याचा भाऊ हेमाडी यांनी दाने दिली, असे त्यात म्हटले आहे. लेखाचा काळ इ. स. १२०७ च्या सुमाराचा असून त्याचा काही भाग मराठीत आहे. भास्कराचार्यांचे जन्मस्थान विज्जडविड म्हणजे हेच पाटण की अन्य कोणते गाव, याविषयी विद्वानांत एकमत नाही; परंतु त्यांच्या गणिताचे अध्यापन या डोंगराच्या पायथ्याशी होत असे, याला दगडावरचा पुरावा आहे. [→ भास्कराचार्य]

सिद्धांतशिरोमणि या ११५० मधील ग्रंथाच्या गोलाध्यायातील ज्योत्पत्ती प्रकरणात भास्कराचार्यांनी एकेका अंशाने ज्या काढण्याची रीत दिली आहे. त्रिज्या ३४३८ कला धरून, भुजज्येतून तिचाच ६५६९ वा भाग वजा करावा व कोटिज्येला १० ने गुणून ५७३ ने भागावे. दोहोंची बेरीज ही पुढील अंशाची ज्या व वजाबाकी ही मागील अंशाची. हे दोन अपूर्णांक एका अंशाच्या कोटिज्येचे व ज्येचे सहा दशांश स्थळांपर्यंत जुळणारे अंदाज आहेत. ही रीत शून्यापासून नव्वद अंशांपर्यंत अखंड चालविली, तरी साचलेली चूक कलेच्या सु. एक अष्टमांशाहून पुढे जात नाही. बेसेल फलनांसाठी सहा पायऱ्यांत उत्तर नाहीसे झाले आणि येथे नव्वद पायऱ्या सुखरूप पार पडतात, हा भेद लक्षणीय आहे. ज्या-कोटिज्येची पायरी म्हणजे त्रिज्येचे एक लहानसे भ्रमण असते. त्यात कोणतेही उत्तर वाढत वा घटत नाही. म्हणून चूक जेवढीस तेवढी राहते व पायऱ्यांच्या प्रमाणात सावकाश साचते. गोलीय हरात्मकांतील रेखांशाचा भाग आजही संगणकावर पुष्कळदा याच धर्तीच्या सूत्राने काढतात. भास्कराचार्यांना गोलीय हरात्मके ठाऊक होती, असे यावरून सुचवावयाचे नाही. त्यांना ग्रहगणितासाठी ज्या हव्या होत्या. तथापि कोणते सूत्र दीर्घकाळ विश्वासाने चालविता येते, याची जाण त्या रीतीत स्पष्ट दिसते.

गोलपृष्ठावरील बेरीज : पदार्थ गोल नसेल किंवा क्षेत्र केवळ मापनातून मिळालेले असेल, तर विस्ताराचे सहगुणक गोलपृष्ठावर समाकलन करून काढावे लागतात; म्हणजे पृष्ठाचे लहान तुकडे पाडून त्यांची बेरीज करावी लागते. गोलाध्यायावरील आपल्या भाष्यात भास्कराचार्यांनी गोलाच्या पृष्ठफळासाठी नेमके हेच केले आहे. लल्लाचा पृष्ठफळाचा नियम चुकीचा असल्याचे दाखवून त्यांनी गोलाच्या दोन प्रकारच्या विभागण्या सांगितल्या : एक, समांतर कड्यांची, दुसरी, आवळ्यावरील रेषांप्रमाणे वरून खाली जाणाऱ्या फाकींची. परीघाचे ९६ भाग करून घेतलेल्या एका फाकीचे क्षेत्रफळ चतुर्थांश वर्तुळाच्या २४ ज्यांच्या बेरजेवरून निघते. रूढ कोष्टकातील २४ ज्यांची बेरीज ५४,२३३ होते. तीतून त्रिज्येचा निम्मा भाग १,७१९ वजा करून बाकीस १,७१९ ने भागले असता ३०·५५ येतात. ९६ परीघाच्या वर्तुळाचा व्यास ३०·५६ असल्याने फाकीचे फळ व्यासाएवढे व सर्व गोलाचे फळ परीघ गुणिले व्यास, हा नियम सिद्ध होतो. आजच्या भाषेत हा समलंब चौकोनांचा नियम होय.

आधुनिक पद्धतीत फाकी तशाच राहिल्या आहेत. रेखांश फिरून मूळ जागी येत असल्याने समान अंतरावरील रेखांश हीच तेथे सर्वोत्तम निवड ठरते. शिवाय त्यांवर जे. डब्ल्यू. कूली व जे. डब्ल्यू. टुकी यांची १९६५ ची द्रुत फूर्ये रूपांतर पद्धती वापरता येते. कड्यांची रचना मात्र बदलली आहे. समान अंतरावरील अक्षांशांऐवजी सी. एफ. गौस यांनी सुचविलेल्या असमान बिंदूंवर अक्षांश घेतले, तर २४ अक्षांशांवरून ४७ घातापर्यंतच्या बहुपदींचे समाकलन तंतोतंत मिळते. दिशा अलग करून केलेल्या या बेरजेमुळे घाताच्या चौथ्या घाताइतके श्रम तिसऱ्या घातावर येतात. जे. आर. ड्रिस्कॉल व डी. एम. हीली यांनी १९९४ मध्ये ते आणखी कमी करणारी रीत दिली. ती लहान समस्यांत फारशी लाभदायक ठरत नाही.

लझांद्र फलनांची अडचण निराळी आहे. क्रम स्थिर ठेवून घात वाढवीत गेल्यास त्यांचे पुनरावर्ती सूत्र विश्वासार्ह असते. परंतु आरंभीच्या मूल्यात विषम संख्यांचा गुणाकार येतो. क्रम १५० च्या सुमारास पोहोचताच हा गुणाकार संगणकाच्या दुहेरी अचूकतेच्या मर्यादेबाहेर, म्हणजे १ वर ३०८ शून्ये याहून मोठा होतो आणि ध्रुवांजवळ दुसरा गुणक तितकाच शून्यवत होतो. म्हणून दोन्ही वेगळे न काढता आरंभापासूनच योग्य प्रमाणात लहान केलेली फलने वापरतात.

गोल नसलेले पदार्थ : खरी गार क्वचितच गोल असते, ती बहुधा चपटी व खडबडीत असते. मोठा थेंबही पडताना तळाशी सपाट होतो. रडारचा आडवा व उभा तरंग यांच्या प्रतिध्वनींतील फरकावरून थेंब व गार वेगळे ओळखण्याचा जो प्रयत्न होतो, त्याचा आधार हा आकारभेदच आहे. अशा पदार्थांसाठी पी. सी. वॉटरमन यांनी १९६५ मध्ये आव्यूह पद्धती मांडली. तीत येणाऱ्या तरंगाचे सहगुणक व विखुरलेल्या तरंगाचे सहगुणक यांना जोडणारा एकच आव्यूह पृष्ठावरील समाकलनांवरून काढतात. तो एकदा मिळाला की, गार कोणत्याही बाजूने वळली तरी पुन्हा मूळ गणित करावे लागत नाही. पदार्थ फार लांबट वा चपटा असल्यास मात्र आव्यूहात अतिशय मोठ्या व अतिशय लहान संख्या शेजारी येतात व व्यस्त आव्यूह काढताना सार्थ अंक नष्ट होतात. एम. आय. मिश्चेंको व एल. डी. ट्रॅव्हिस यांनी १९९४ मध्ये संगणकाची विस्तारित अचूकता वापरून ही मर्यादा बरीच मागे रेटली.

उत्तराची पारख : ऊर्जा शोषून न घेणाऱ्या गोलाच्या बाबतीत आपाती तरंगातून जितकी ऊर्जा कमी होते, तितकीच विखुरली गेली पाहिजे. हा ताळा जुळला की उत्तर बरोबर, असे मानण्याकडे नवख्याचा कल असतो. पण तो येथे निरुपयोगी आहे. श्रेढीचे प्रत्येक पद हा ताळा स्वतंत्रपणे पाळते. त्यामुळे निम्मी पदे गाळली तरी तो जुळतो. इतकेच नव्हे, तर पुनरावर्ती सूत्र चुकीच्या दिशेने चालवून मिळालेली निरर्थक मूल्ये सहगुणकांच्या सूत्रात घातली तरीही तो जुळतो, कारण ताळा सूत्राच्या ठेवणीतूनच येतो, आत घातलेल्या आकड्यांतून नव्हे. म्हणून पदांची संख्या बदलून, अधिक अंक घेऊन व शक्य तेथे निराळ्या पद्धतीने पुन्हा गणित करून उत्तर स्थिर राहते की नाही, हे पाहण्याचा प्रघात आहे.